दसऱ्याचे तोरण

आश्विन महिना आला की आपल्या बीड जिल्ह्यात बाजाराचा रंगच बदलतो. आदल्या दिवशीपर्यंत भाजीच्या पाट्या जिथे मांडलेल्या असतात, तिथे पिवळ्या आणि केशरी फुलांचे ढीग दिसू लागतात. ही झेंडूची फुले. उर्दूत आपण त्यांना गेंदा म्हणतो. आश्विन शुद्ध दशमीला दसरा असतो. त्या दिवशी घराच्या दाराला झेंडूचे तोरण बांधतात. तोरण म्हणजे उर्दूतील बंदनवार. हे तोरण घरी कसे करतात, ते मी सातवीत असताना शिकलो. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमचे गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. जमीन हलकी, पाणी कमी. त्यामुळे गावातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांवर, तर कोणी कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधीच पैसे घेतलेले असतात. त्याला 'उचल' म्हणतात. ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने उसाच्या फडात राबायचे आणि पाचटाच्या कोपीत राहायचे, असे हे जीवन असते.

आमच्या शेजारी असेच एक कुटुंब राहत होते. काका, काकू आणि त्यांचा मुलगा. तो माझा जिवलग मित्र. तो मराठी शाळेत जात होता आणि मी उर्दू शाळेत. पण संध्याकाळी आम्ही एकाच ओट्यावर अभ्यासाला बसायचो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकू आमच्याकडे रिकामा डबा मागायला आल्या. अम्मीने विचारले, "तोरणाची फुले आणलीत का?"

काकू म्हणाल्या, "यंदा तोरण नको, भाभी. परवा पहाटे मुकादमाची गाडी येणार. दाराला कुलूप लागणार. मग तोरण कोणासाठी?"

अम्मी म्हणाली, "कुलूप लागले म्हणून काय झाले? दार तुमचेच आहे ना? सणाच्या दिवशी ते रिकामे दिसले, तर आम्हालाही करमणार नाही. तुम्ही सामान बांधा. तोरण आम्ही करतो."

अम्मीचे वडील लग्नाचे सेहरे आणि फुलांच्या चादरी गुंफायचे. त्यामुळे सुई-दोरा आणि फुले म्हणजे तिच्या हातचा खेळ होता. आमच्या घरी दसऱ्याचे तोरण लागत नसे. पण फूल कसे ओवावे हे तिला पक्के माहीत होते. तिने आम्हा दोघांना कामाला लावले.

मित्राने आंब्याची पाने आणली. त्यात काही कोवळी, तांबूस पाने होती. अम्मीने ती बाजूला काढली. "कोवळे पान दुपारपर्यंत मान टाकते. गर्द हिरवे, जून पान घ्यावे," ती म्हणाली. मी बाजारातून पाव किलो झेंडू आणला. काकांच्या शेतातून बाजरीची दोन कणसे आली. पाने धुऊन पुसली. फुलांवर पाणी शिंपडून ती ओल्या फडक्यात ठेवली.

मग अम्मीने दाराची चौकट मोजली. ती तीन फूट रुंद होती. दोन्ही बाजूंना लोंबत्या माळा सोडायच्या होत्या, म्हणून तिने सात फूट सुती दोरा घेतला, तोही दुहेरी. एकेरी दोरा फुलांच्या वजनाने तुटतो.

प्रथम मधला भाग तयार केला. आधी एक फूल, मग एक पान, पुन्हा फूल, पुन्हा पान. पानाचे टोक खाली ठेवायचे. देठाकडची बाजू बोटभर मागे दुमडायची आणि दोन्ही पदरांतून सुई घालायची, म्हणजे पान फाटत नाही. फुलात सुई घालताना ती पाकळ्यांतून न घालता देठाजवळच्या हिरव्या भागातून घालायची. पाकळ्यांतून घातली, तर फूल सैल होऊन झडते. तीन फुटांच्या दाराला दहा फुले आणि नऊ पाने लागली. नंतर दोन्ही बाजूंना सहा-सहा फुलांची माळ ओवली आणि तिच्या टोकाला बाजरीचे एकेक कणीस बांधले.

मी पटकन व्हावे म्हणून फुले दाबून दाबून बसवत होतो. अम्मी म्हणाली, "बेटा, फुलाला श्वास घेऊ दे. घट्ट दाबले तर ते आतून कुजते."

काम करता करता ती म्हणाली, "हा गेंदा मूळचा आपल्याकडचा नाही, असे तुझे नाना सांगायचे." पुढे मी पुस्तकात वाचले, तेव्हा ते खरे निघाले. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. मिरची आणि मका जसे अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आले, तसाच झेंडूही आला. मेक्सिकोत आजही 1 आणि 2 नोव्हेंबरला लोक आपल्या दिवंगत नातेवाइकांची आठवण करतात आणि याच फुलांच्या कमानी उभारतात. इतक्या दूरचे फूल आपल्या दाराशी येऊन आपलेच झाले!

दसऱ्याच्या सकाळी काकांनी चौकटीच्या दोन खिळ्यांना तोरण बांधले. काकूंनी दारापुढे रांगोळी काढली. संध्याकाळी मित्राने माझ्या हातावर आपट्याचे पान ठेवले. दसऱ्याला हे पान 'सोने' म्हणून देतात. तो हळूच म्हणाला, "उद्या मलाही जायचे आहे. बैलांना चारापाणी करायला कोणी तरी हवे."

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली. मी डोळे चोळत बाहेर आलो, तेव्हा गाडीचा लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला होता. दाराला कुलूप होते आणि कुलपावर ताजे तोरण हलत होते.

आठ-दहा दिवसांत फुले सुकली. चिमण्यांनी बाजरीचे दाणे टिपून नेले. अम्मी म्हणाली, "ते काढू नकोस. ज्यांचे आहे, तेच येऊन काढतील."

गुढीपाडव्याच्या सुमारास ते परतले. मित्र उंच झाला होता. त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते. आम्ही पुन्हा ओट्यावर बसलो. मी वही उघडली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. सहामाहीनंतरचे काहीच त्याला येत नव्हते. वार्षिक परीक्षा जवळ आली होती. त्या वर्षी तो नापास झाला. काका काही बोलले नाहीत; पण त्या रात्री ते उशिरापर्यंत ओट्यावर बसून होते.

काकू जुने तोरण काढून टाकणार होत्या. अम्मीने ते मागून घेतले. सुकलेले एक फूल तिने तळहातावर चोळले. त्यातून सुईसारखे बारीक, काळे बी निघाले. अर्धे बी तिने काडेपेटीत भरून मित्राला दिले आणि अर्धे मला.

जुलैच्या अखेरीस आम्ही दोघांनी भिंतीलगत ते बी पेरले. पाऊस दडी मारून बसला, की न्हाणीचे सांडपाणी रोपांना घालायचो. साधारण दोन महिन्यांनी पहिली कळी उमलली. दसऱ्यापर्यंत दोन्ही घरांच्या भिंती केशरी दिसू लागल्या.

त्या दसऱ्याला फुले विकत आणावी लागली नाहीत. तोरण माझ्या मित्राने स्वतः ओवले. काका-काकूंना ऊसतोडीला जावेच लागले, कारण उचल घेतलेली होती. पण या वेळी काकांनी शेजारच्या गावाहून आजीला बोलावून घेतले. गाडीत बसताना ते मुलाला म्हणाले, "आजीकडे बघ आणि शाळा बुडवू नको. बैलांचे मी बघतो."

त्या वर्षी त्या दाराला कुलूप लागले नाही.

मित्रांनो, ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांच्या मुलांना गावातच राहून शिकता यावे, म्हणून आता हंगामी वसतिगृहांची सोय केली जाते. तुमच्या शेजारी असा कोणी मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना ही माहिती अवश्य सांगा.

हल्ली बाजारात प्लास्टिकची तोरणे मिळतात. ती वर्षभर टिकतात. पण त्यांतून बी मिळत नाही. झेंडू पिकवणारा शेतकरी मात्र दसऱ्याची वाट पाहत असतो. आवक फार झाली की भाव कोसळतो आणि उरलेली फुले त्याला बाजारातच टाकून जावे लागते. म्हणून तोरण करायचे असेल, तर खऱ्या फुलांचे करा. आपल्या घरी सण नसेल, तर शेजाऱ्यांच्या तोरणाला हात लावा. आणि आपट्याचे पान तोडताना एखादेच पान घ्या. फांदी मोडू नका.

शब्दार्थ

तोरण – बंदनवार
चौकट – दाराची लाकडी चौखट
उचल – पेशगी, आगाऊ घेतलेली रक्कम
फड – ऊसतोडणी चालू असलेले शेत
पाचट – उसाची वाळलेली पाने
कोपी – पाचटाची झोपडी
घट्टे – कष्टाने कडक झालेली कातडी
आवक – बाजारात येणारा माल

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'एक कोयता' म्हणजे काय?
(आ) तोरणासाठी कोवळी पाने का घेऊ नयेत?
(इ) झेंडू मूळचा कोणत्या देशाकडचा आहे?

2. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) काकूंना तोरण नको असे का वाटले? अम्मीने त्यांना काय सांगितले?
(आ) "त्या वर्षी त्या दाराला कुलूप लागले नाही." असे का झाले?

3. तोरण तयार करण्याची कृती क्रमाने लिहा.

4. उपक्रम : सुकलेल्या झेंडूचे बी जमवा. जुलैच्या अखेरीस ते शाळेच्या आवारात पेरा आणि पहिली कळी किती दिवसांनी आली, याची नोंद वहीत करा.