स्थळभेटीनंतरचा अभिप्राय : शेऱ्याकडून सुधारणेकडे

दिवाळीची सुट्टी संपली की शालेय सहलींचा हंगाम सुरू होतो. मुंबईस येणाऱ्या अनेक सहली दादरला थांबतात. हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’, समुद्रकिनाऱ्यावरील चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क ही स्थळे एका दिवसात पाहता येतात. भेट संपताना विद्यार्थी वहीत ‘फार छान वाटले’ असा शेरा लिहितात व सहल परतते. या शेऱ्याने सौजन्य पाळले जाते. परंतु विद्यार्थ्याला काय उमगले आणि काय उमगले नाही, हे त्यातून कळत नाही. अनेक मुलांच्या वाट्याला अशी भेट शालेय जीवनात एकदाच येते. म्हणून अभिप्राय गोळा करण्याच्या पद्धतीचा विचार होणे अगत्याचे आहे.

प्रश्न कसे असावेत?

‘स्थळ आवडले का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी पाहिलेल्या वस्तूशी निगडित प्रश्न विचारावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या काळात राजगृह बांधले, ते आपल्या ग्रंथसंग्रहाची गरज ध्यानी घेऊन. तेव्हा ‘या घरात ग्रंथांना एवढे महत्त्व का दिले असावे?’ असे विचारल्यास विद्यार्थ्याचे आकलन स्पष्ट होते.

चुकीची उत्तरे तर अधिकच मोलाची असतात. डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे झाले व दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. बऱ्याच मुलांनी ‘निधन दादर येथे झाले’ असे लिहिले, तर दोष मुलांचा नसून माहिती सांगण्याच्या पद्धतीचा आहे. त्याचप्रमाणे शिवाजी पार्क हे शिवकालीन मैदान आहे, अशीही समजूत होऊ शकते. वस्तुतः हे मैदान १९२५ साली खुले झाले आणि १९२७ साली त्यास महाराजांचे नाव देण्यात आले. असे गैरसमज उघड झाले, तरच पुढील तुकडीस अचूक माहिती देता येईल.

केव्हा व कोणाकडून?

बस सुटण्याच्या घाईत घेतलेला अभिप्राय उथळ राहतो. पुढील क्रम उपयुक्त ठरेल :

१. भेटीपूर्वी वर्गात ‘तेथे काय पाहावयास मिळेल?’ हे दोन ओळींत लिहून घ्यावे.

२. दुसऱ्या दिवशी पाचांहून अधिक नसतील असे प्रश्न द्यावेत. नाव लिहिण्याची सक्ती नसावी व गुण देऊ नयेत.

३. तीन आठवड्यांनी ‘काय आठवते?’ एवढेच विचारावे. जे स्मरणात टिकले, तेच भेटीचे खरे फलित होय.

ज्यांना लिहिणे अवघड जाते, त्यांना चित्र काढू द्यावे किंवा पाच-सहा मुलांच्या गटात बोलते करावे. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या मुलांना आवाज ऐकू आला का, हे आवर्जून विचारावे. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, चालण्याचे अंतर व वेळेची पुरेशी सोय यांविषयी शिक्षकांकडून स्वतंत्र टिपण घ्यावे. स्थळावरील मार्गदर्शकाचे म्हणणेही ऐकावे. कारण मुले तयारीने आली होती की नाही, हे त्यालाच दिसते.

अभिप्रायाचे पुढे काय?

उत्तरे कपाटात पडून राहिली, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. समान उत्तरे एकत्र मोजून एका पानाचा सारांश करावा. त्याची एक प्रत स्थळाच्या व्यवस्थापनास पाठवावी व दुसरी शाळेच्या सहल-दप्तरात ठेवावी. पुढील वर्षी सहल नेणाऱ्या शिक्षकाने ती प्रथम वाचावी. सुचविलेल्या गोष्टींपैकी काय बदलले, हे विद्यार्थ्यांनाही सांगावे. आपले म्हणणे ऐकले जाते असे दिसले, की मुले पुढच्या वेळी मोकळेपणाने लिहितात.

ही पद्धत केवळ महानगरापुरती नाही. गावातील बारव, गढी वा जुने मंदिर पाहावयास शाळा जात असेल, तर असे एक पान ग्रामपंचायतीकडेही यावे. माहितीफलक कोठे हवा, कोणती पायरी धोक्याची आहे, हे मुलांच्या नजरेतून कळेल. वारसा जपण्याचे काम त्या पानापासूनही सुरू होऊ शकते.