नऊवारी, धनुष्य आणि ‘होल्ड!’

न्यू जर्सीत आल्यावर शेजारीण मला एका रविवारी शेतावर घेऊन गेली. तिथे अंगरखे घातलेली धडधाकट माणसं गवताच्या गठ्ठ्यांवर बाण मारत होती. ही ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ची मंडळी. १९६६ साली बर्कलीत एका घराच्या परसातल्या पार्टीतून ही संस्था निघाली. सतराव्या शतकाआधीचं जग हौसेनं जगायचं, हा तिचा उद्योग. मला वाटलं, मोठ्यांची भातुकली आहे, इथे कसले आलेत नियम! त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून जे शिकले ते असं.

१. धनुष्य आपल्या खांद्याला पेलेल तेवढंच घ्यावं. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ जहाजावरची इंग्लिश धनुष्यं शंभर पौंडांहून जास्त ओढीची होती, असं वाचलं आणि मी ईर्ष्येनं पन्नास पौंडांचं धनुष्य उचललं. नाकापेक्षा मोती जड! दोन महिने केसांतून फणी फिरवता येत नव्हती. खांद्याचं एक सोडा. दोरी ओढलेला हात थरथरायला लागला की बाण कधी सुटेल ते आपल्या ताब्यात राहत नाही, खरी भीती त्याची. आता माझं धनुष्य अठ्ठावीस पौंडांचं आहे. वीस यार्डांवरचं निशाण त्यातून व्यवस्थित लागतं.

२. बाण दर वेळी तपासावा. इथे कार्बन, अ‍ॅल्युमिनियम चालत नाही, काठी लाकडीच लागते. आणि लाकूड न सांगता तडकतं. दोन्ही टोकं धरून बाण हलकेच वाकवायचा, थोडा फिरवायचा, पुन्हा वाकवायचा, आणि कान तिकडे द्यायचा. बारीकसं ‘कट्’ ऐकू आलं, किंवा नख फिरवताना कुठे अडकलं, की त्या बाणाचं आयुष्य संपलं. असा बाण सोडला तर तो धनुष्याजवळच फुटू शकतो आणि त्याच्या कपच्या थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. तडकलेला बाण ‘नंतर बघू’ म्हणून भात्यात परत ठेवू नये. नंतर कोणी बघत नाही. मी जागीच मोडून टाकते. माझ्या परसातली मिरचीची रोपं सध्या अशाच तुकड्यांच्या आधारानं उभी आहेत.

३. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. जो जोर बाण घेऊन जायचा, तो धनुष्यातच राहतो आणि ते तडकू शकतं. पाहुण्यांच्या हाती धनुष्य देण्याआधी मी हे दोनदा सांगते. तरी एखादे काका ‘टणत्कार’ करून बघतातच.

४. पदर खोचावा. पहिल्या मोठ्या मेळाव्याला मी हौसेनं आईची नऊवारी नेसले. (मध्ययुगात ती अशीच नेसत का, हे तिथे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.) दोरी सुटताना मंगळसूत्रात अडकली, वाटी पदरावर आपटली आणि बाण गवतात गेला. तेव्हापासून मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, वेणी अंबाड्यात, पदर कमरेला. सैल बाह्यांचे झगे घालणाऱ्यांनाही हाच नियम.

५. बाण आणायला पळत जाऊ नये. निशाणात रुतलेल्या बाणाचं मागचं टोक बरोबर डोळ्यांच्या उंचीला येतं. उपटताना एक हात निशाणावर टेकवायचा, दुसऱ्यानं काठी मुळाशी धरून सरळ ओढायची, आणि मागे कोणी उभं नाही ना हे आधी बघायचं. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अपमृत्यूंच्या चौकशीच्या ज्या नोंदी झाल्या, त्यांत निशाणापाशी उभी असताना किंवा बाण गोळा करताना मेलेली माणसं आहेत. म्हणजे ही घाई जुनीच.

६. फेकलेली कुऱ्हाड परत येते. ती हवेत गिरकी घेत जाते. अंतर चुकलं तर पात्याऐवजी दांडा निशाणाच्या ओंडक्यावर आपटतो आणि ती उसळून आपल्याकडेच निघते. अशा वेळी नवा माणूस जोर वाढवतो. खरं तर पाऊलभर मागे-पुढे सरकायचं असतं. ओंडका वाळला असेल तर पाणी मारावं, पातं चांगलं रुततं. आणि पायात बंद बूट हवेत. माझी कोल्हापुरी गाडीतच राहते.

७. ‘होल्ड’, म्हणजे ‘सगळे थांबा’, असं ओरडायला कोणाची परवानगी लागत नाही. हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिसऱ्याच रविवारी निशाणांच्या मागच्या झाडीतून एक माणूस कुत्र्याला हाका मारत येताना मला दिसला. रेषेवर सहाजण दोरी ताणून उभे होते. माझ्या मनात काय आलं? मी नवी, माझं इंग्रजी असं, मध्येच ओरडले तर लोक काय म्हणतील? भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती त्याहून महाग पडली असती. शेवटी दुसऱ्या कोणीतरी ओरडलं आणि सहाही धनुष्यं खाली आली. चूक झाडीतल्या माणसाची नव्हती, माझी होती. मी मैदानावर देखरेख करणाऱ्या मार्शलपाशी जाऊन सांगितलं, की मी त्याला आधी पाहिलं होतं. म्हातारा रागावला नाही. त्यानं मला रिकाम्या मैदानाच्या टोकाला नेलं आणि तीनदा मोठ्यानं ‘होल्ड’ म्हणायला लावलं. पहिल्या दोन वेळा आवाजच फुटेना.

आता धनुष्यबाणांची तपासणी मी करते आणि हा सराव नव्यांकडून करून घेते. गेल्या जूनमध्ये एक आठ वर्षांची मुलगी पहिल्यांदाच आली होती. अर्धा तास झाला असेल-नसेल, ती किंचाळली, ‘होल्ड!’ सगळे थांबले. तीस यार्डांवरच्या निशाणाखाली एक ससा बसला होता. मुलगी लाजून आईच्या मागे लपली. ससा निवांत क्लोव्हर खात होता, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत आम्ही चौदा माणसं धनुष्यं खाली करून उभी होतो.