सिकलसेल : पट्टा एक की दोन?

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेल बरेच आढळते. शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी होते; द्रावण गढूळ झाले की ‘पॉझिटिव्ह’. तेवढ्यावर काही घरांत रडारड सुरू होते. पण माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ती चाचणी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करावे लागते.

हिमोग्लोबिनवर विद्युतभार असतो. लाल पेशी फोडून काढलेला थेंब अल्कधर्मी द्रावणात भिजवलेल्या पट्टीवर ठेवून वीज सोडली, की ते धन टोकाकडे सरकते. सिकल हिमोग्लोबिनवर ऋण भार कमी, म्हणून ते मागे रेंगाळते. पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा भाराचा फरक १९४९ मध्ये दाखवला.

पुढे-मागे दोन ठळक पट्टे दिसले तर वाहक (एएस). ठळक पट्टा फक्त मागचाच असेल तर बहुधा रुग्ण (एसएस). वाहकाला सहसा त्रास नसतो. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. पहिले निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची घटत नाही. सोयरीक जुळवताना दोघांचेही रिपोर्ट पाहा.

गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर तपासणीआधी सांगा. दात्याचे हिमोग्लोबिनही पट्टीवर उमटते आणि रुग्ण वाहकासारखा दिसतो.