परसातील झाडे आणि अवर्षण

अवर्षणात पाणी प्रथम माणसांस, मग गुरांस, आणि उरले तर झाडांस, हा क्रम न्याय्यच होय. तथापि ज्वारी पुढल्या पावसात पुन्हा येते; आंबा वाळला तर कित्येक वर्षांचे श्रम जातात. सन २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या पुष्कळ बागा अशाच वाळल्या. म्हणून आम्ही थोडे सांगतो.

पाणी बुंध्याशी ओतू नये; ते शोषणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली असतात, तेथे आळे करावे. रोज तांब्याभर शिंपडल्याने वरची माती मात्र भिजते. त्यापेक्षा आठवड्याचे पाणी एकदाच, सायंकाळी, खोल मुरू द्यावे. आळ्यात पालापाचोळा चार बोटे पसरावा, परंतु तो खोडास लागू देऊ नये. लहान रोपापाशी कोरे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरावे व झाकावे. पाणी हळूहळू पाझरते. भांडी विसळलेले पाणी, त्यात साबण नसल्यास, झाडासच घालावे.

इतके करूनही पाणी न पुरल्यास केळ जाऊ द्यावी व आंबा राखावा. कोणते झाड सोडावे हे ठरविताना जीव तुटतो खरा. परंतु सर्वांस थोडथोडे देऊन सर्वच गमावणे, हे त्याहून वाईट.