पाखरांची नावे, माणसांची नावे

मागल्या श्रावणात माझ्या थोरल्या भावाला दुसरी मुलगी झाली. आमच्याकडे बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. पाळण्याभोवती बायका जमतात, आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते. हा मान पहिल्यांदाच माझ्याकडे आला. आजी म्हणाली, “मैना ठेव.” भाऊ म्हणाला, “असली नावं आता कोण ठेवतं?” या एका प्रश्नातून प्रस्तुत लेख जन्मला.

आमचे गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठी. हीच येरळा पुढे सांगली जिल्ह्यात जाते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. माझे आजोळही तिच्याच काठचे, खानापूर तालुक्यातले. सुट्टीत या दोन्ही गावांतील वडीलधाऱ्यांना मी जुनी नावे विचारत हिंडले. वहीत पाखरांची नावे आली ती अशी : मैना, चिमणा, चिमणाबाई, राघू, पोपट, कोकिळा, हंसाबाई. आमच्या एका चुलत आत्याचे नाव साळुंकीवरून साळू.

ही यादी पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. कावळा रोज दारात येतो, पिंडाला तर त्याच्यावाचून चालत नाही. पण कावळ्याचे नाव कोणी लेकराला देत नाही. घुबड आणि टिटवी अशुभ म्हणून वगळलेली. हरियाल हा आपला राज्यपक्षी, पण त्याचेही नाव माझ्या वहीत आले नाही. निवड झाली ती गोड बोलणाऱ्या, अंगणात उतरणाऱ्या, हातावर यावेसे वाटणाऱ्या पाखरांची. दगडू, धोंडू, केरू ही नावे दृष्ट लागू नये, मूल जगावे म्हणून ठेवीत. त्यांत भीती आहे. पाखराच्या नावात मात्र कौतुक आहे. पाखराला दाणे टाकून बोलवावे, तसे ते मुलाला घरात बोलावणे आहे.

आता शिकलेल्या घरांकडे वळू. तेथे सारिका, मयुरी, सुपर्णा, रोहित, कौशिक अशी नावे भेटतात. मागच्या वर्षी आमच्या सरांनी ग्रंथालयात बसून शब्दकोश पाहायला शिकविले, तेव्हा मला मोठी गंमत कळली. सारिका म्हणजे मैनाच! सुपर्ण म्हणजे सुंदर पंखांचा. रोहित म्हणजे तांबडा. आणि आमच्या तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर हिवाळ्यात येणाऱ्या उंच पायांच्या गुलाबी पाहुण्यांनाही मराठीत रोहितच म्हणतात. कौशिक या शब्दाचा एक अर्थ तर घुबड असा आहे. म्हणजे पाखरू तेच; संस्कृतात गेले की चांगल्या घरात चालते, मराठीत राहिले की खेडवळ ठरते. माझ्या भावाला नको होती ती मैना नव्हे, तिला चिकटलेला आमचा गावंढळपणा नको होता.

नावे ठेवताना आपण पाखराकडे नीट पाहतोच असेही नाही. कोकिळा हे नाव मुलीचे. पण वसंतात ‘कुहू’ करतो तो काळा नर. मादी ठिपक्यांची, तिचा आवाज किरटा. लता मंगेशकर यांचे बालपण काही काळ सांगलीत गेले. त्यांना अवघ्या महाराष्ट्राने गानकोकिळा म्हटले, तेथेही पक्षिशास्त्र चुकले आणि प्रेम मात्र बरोबर ठरले. मोराचेही तसेच. मुलीचे नाव मयुरी ठेवतात, पण मोराच्या मादीचे रोजच्या बोलण्यातले नाव लांडोर, ते मात्र कोणाला नको असते.

माझ्या वडिलांचे नाव पोपट. ‘पोपट झाला’ म्हणजे फजिती झाली, हा वाक्प्रचार त्यांच्या जन्मावेळी कोणी मनात आणला नव्हता. प्रवेशाच्या रांगेत माझे संपूर्ण नाव पुकारले गेले तेव्हा मागून कोणीतरी हसले. मीही मान खाली घातली. याची आज मला लाज वाटते. बोलका, हिरवागार मुलगा व्हावा म्हणून ज्या माउलीने ते नाव ठेवले, ती माझी आजीच. आणि तिचे स्वतःचे नाव शकुंतला.

या नावाची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. मेनकेने टाकून दिलेल्या तान्ह्या मुलीचे रानात शकुंतांनी, म्हणजे पाखरांनी, रक्षण केले. म्हणून कण्वांनी तिचे नाव शकुंतला ठेवले. शकुनी हाही शब्द पक्षीवाचकच, पण ते नाव कोणी ठेवीत नाही. आपल्याकडचे हे फार जुने पाखराचे नाव एका नको झालेल्या मुलीचे आहे, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिले.

कारण आमच्या जिल्ह्यात नको झालेल्या मुलींना दुसरेही एक नाव होते : नकुसा. मुलीवर मुली झाल्या की पुढच्या खेपेला मुलगा व्हावा, या समजुतीने हे नाव ठेवीत. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. मी तेव्हा अगदी लहान होते. टाकलेल्या मुलीला पाखरांनी पंखाखाली घेतले आणि घरात जन्मलेल्या मुलीला माणसांनी ‘नको’ म्हटले. नाव ही लहान गोष्ट नव्हे. ते आयुष्यभर ऐकावे लागते.

बारशाच्या दिवशी एक शेजारीण म्हणालीच, “पुन्हा मुलगीच का?” मी उत्तर दिले नाही. पाळण्याशी वाकले, ‘कुर्रर्र’ केले आणि सांगितले : मैना. भाऊ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला; मग तोच जन्मदाखल्यावर ते नाव लिहून आला. सारिका ठेवले असते तरी अर्थ तोच होता. पण मैना म्हणून हाक मारायला आजीला कोणाला विचारावे लागत नाही.

आणि आता प्राध्यापक हजेरीला माझे संपूर्ण नाव घेतात, तेव्हा मी मोठ्याने ‘हजर’ म्हणते.