परकीयाचा नागरिक कसा होतो?

आमच्या गोव्यातील पुष्कळ कुटुंबांचे नातलग आज इंग्लंडात आहेत. स्विंडन शहरात तर गोवेकरांची मोठी वस्तीच झाली आहे. ‘त्याला तिकडचा पासपोर्ट मिळाला’ असे आपण सहज म्हणतो. परंतु पासपोर्ट हा नुसता पुरावा. त्याआधी नागरिकत्व मिळावे लागते.

परकीयास कायद्याने आपला नागरिक करून घेणे यास देशीयकरण म्हणतात. इंग्लंडात पूर्वी त्यासाठी पार्लमेंटला त्या माणसापुरता वेगळा कायदा करावा लागे. जर्मनीत जन्मलेला थोर संगीतकार हँडेल १७२७ साली असाच ब्रिटिश प्रजाजन झाला. पुढे १८४४ च्या कायद्याने हा अधिकार गृहमंत्र्याकडे आला. १८७४ साली, लंडनमध्ये पंचवीस वर्षे काढलेल्या कार्ल मार्क्सने अर्ज केला. तो मात्र फेटाळला गेला. दोघेही जन्माने जर्मन. पण एकास राजदरबाराचा आश्रय होता, तर दुसऱ्याची लेखणी राजसत्तेच्याच मुळावर उठलेली!

१९८३ च्या १ जानेवारीपासून अमलात असलेला कायदाही या बाबतीत फारसा निराळा नाही. सर्व अटी पुऱ्या झाल्या तरी गृहमंत्री नागरिकत्व देऊ शकतो, दिलेच पाहिजे असे नाही. सर्वसाधारण अट पाच वर्षांच्या वास्तव्याची. ब्रिटिश नागरिकाशी विवाह झालेल्यास तीन वर्षांची. पाच वर्षांत देशाबाहेर साधारणतः ४५० दिवसांहून अधिक राहू नये. कायम वास्तव्याची परवानगी, चांगली वर्तणूक आणि इंग्रजीचे ज्ञान हवेच. शिवाय २००५ पासून परीक्षाही आहे : त्या देशाचा इतिहास, चालीरीती व राज्यकारभार यांवर २४ प्रश्न, वेळ ४५ मिनिटे, आणि १८ उत्तरे बरोबर आली तर उत्तीर्ण. आईवडिलांनाही पाठांतर करावे लागते हे वाचून आमच्या विद्यार्थ्यांस गंमत वाटेल.

शेवटी समारंभात राजनिष्ठेची शपथ घ्यावयाची. ईश्वराचे नाव नको असेल त्याने प्रतिज्ञा करावी. नागरिकत्व तेव्हापासून सुरू होते.

पोर्तुगीज नागरिक होऊन तिकडे गेलेल्यांची गोष्ट वेगळी. भारतीय नागरिक म्हणून गेलेल्याने मात्र एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. आपल्या १९५५ च्या कायद्यानुसार, स्वेच्छेने परके नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. पुढे ‘ओसीआय’ नोंदणी करून त्यास येथे हवे तितके राहता येते, वाडवडिलांचे कुळागर वारशाने मिळू शकते; पण मतदान करता येत नाही, आणि शेजारचे शेत विकावयास निघाले तर ते विकत घेता येत नाही.