परत आलेले काम

पाठासाठी वाचावे: यिर्मया, अध्याय 36

आमच्या मंडळीच्या शताब्दीची स्मरणिका निघायची होती, तेव्हाची ही गोष्ट. मुखपृष्ठाचे काम मंडळीतल्याच एका तरुणाला द्यावे असे पंचांच्या बैठकीत ठरले. मुलगा उपयोजित कला शिकलेला. कोठे नोकरीला नाही. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मिठाईच्या खोक्यांवरची चित्रे, अलीकडे मोबाईलवर फिरणाऱ्या जाहिराती, असे जे मिळेल ते काम तो घरी बसून करतो. पंधरा दिवस खपून त्याने तीन नमुने आणून दिले.

पुढच्या बैठकीत ते टेबलावर ठेवले गेले. एक पंच म्हणाले, "रंग भडक वाटतात." दुसरे म्हणाले, "आपल्या मंदिराचा मनोरा नीट दिसत नाही." तेवढ्यात चहा आला आणि हिशेबाचा विषय निघाला. शेवटी छापखान्यात तयार असलेले चित्र, उगवता सूर्य आणि उघडे पुस्तक, तेच घेतले गेले. त्या मुलाला कोणी काही कळवले नाही. स्मरणिका छापून हातात आली तेव्हा त्याला कळले. त्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्हीही चहा घेतला.

काही महिन्यांनी त्याची आई आम्हांला म्हणाली, "भाऊ, पोरगा आता पेन्सिलच धरत नाही. म्हणतो, आपल्याच माणसांना आवडलं नाही, तर बाहेरच्यांना काय आवडणार? तुम्हीच त्याला सांगा, कुठं तरी नोकरी बघ म्हणून."

नोकरीचे आम्ही त्याला अजून काही सांगितलेले नाही. आधी या नकाराचाच थोडा विचार करावा असे वाटले. हा पाठ अशा तरुणतरुणींसाठी आहे, आणि टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्या आपणांसाठीही आहे.

सुताराकडे खुर्ची परत आली तर तिचा पाय हलतो हे दिसते. तो पाय बसवून देतो आणि पैसे घेतो. चित्र परत येते तेव्हा सोबत बहुधा एकच शब्द येतो: "आवडले नाही." त्यात दुरुस्त काय करायचे? दुरुस्त करण्याजोगे काही सापडले नाही की माणूस स्वतःलाच तपासू लागतो. आपल्यातच काही कमी आहे, आपण उगाच या वाटेला आलो, असे त्याला वाटू लागते. नोकरदाराचे एखादे काम फसले तरी महिनाअखेरीस पगार होतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा नकार मात्र थेट घरभाड्यापर्यंत पोहोचतो. म्हणून "मनाला लावून घेऊ नका" हा उपदेश आम्हांला पोकळ वाटतो. मनाला लागणारच. प्रश्न इतकाच, की त्या एका नकारातून आपण नेमके काय समजायचे?

एका चित्रकाराचे उदाहरण घेऊ. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म 1902 साली गोव्यातील सांत इस्तेव्ह या गावी झाला. घरच्यांच्या मनाप्रमाणे ते मुंबईस वैद्यकीच्या शिक्षणाला गेले; पण ते सोडून चित्रकलेकडे वळले आणि पुढे बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. तेथे त्यांना आपली वाट सापडली. युरोपीय चित्रांची नक्कल न करता ख्रिस्ती विषय या देशाच्या रंगरेषांत आणायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांची मरीया साडी नेसलेली आहे. तिचा चेहरा, वर्ण, बसण्याची ढब आपल्याकडच्या बाईची आहे. बहुतेक चित्रे जलरंगातली आहेत.

1930 च्या सुमारास हे काम घेऊन ते गोव्यात परतले, तेव्हा स्वागत झाले नाही. तेथे पोर्तुगीज अंमल होता. देवमाता म्हणजे गोरी, निळ्या झग्यातली, हे लोकांच्या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. साडीतली मरीया पाहून धर्माधिकारी रागावले आणि भाविकही दुखावले. ज्यांच्यासाठी काढले, त्यांनीच नको म्हटले.

येथे फोन्सेकांपुढे दोन सोप्या वाटा होत्या. एक, मागणी आहे तशी चित्रे काढून द्यावीत. हात कसलेला होता, पोट सहज भरले असते. दुसरी, रंग गुंडाळून ठेवावेत. त्यांनी चित्र बदलले नाही आणि सोडलेही नाही. त्यांनी जागा बदलली. ते पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात राहून काम करू लागले. हा संघ 1922 मध्ये जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्यांनी स्थापलेला. आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे ते हेच. आराधना आणि राहणी दोन्ही या मातीतली असावीत असा त्यांचा आग्रह होता, तेव्हा साडीतल्या मरीयेला तेथे कोण अडवणार? रोमन कॅथलिक चित्रकाराला प्रॉटेस्टंट आश्रमाने आसरा दिला, हे वाचून आपल्यापैकी काहींना अभिमान वाटेल. वाटू द्यावा, मात्र आमच्या बैठकीतला तो चहाही लक्षात असावा.

1967 मध्ये पुण्यातच ते वारले. हयातीत त्यांना थोडे चाहते मिळाले, पण ज्या गोव्याने पाठ फिरवली तेथे मोठा मान मिळाला असे नाही. त्यांच्या पत्नीने चित्रे अनेक वर्षे जपली. त्यांतला मोठा संग्रह आता गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत आहे. ज्यांना जमेल त्यांनी जाऊन पाहावा.

आता एक सावधगिरी. ही गोष्ट ऐकून प्रत्येक नाकारलेला तरुण स्वतःला फोन्सेका समजू लागला तर घोटाळा होईल. फोन्सेकांचे चित्र नाकारले गेले ते पाहणाऱ्याच्या सवयीमुळे. पण कधी काम खरोखरच कच्चे असते. आमच्या त्या मुलाचे नमुने आम्ही नंतर पुन्हा काढून पाहिले. एकात स्मरणिकेचे नाव इतके बारीक आणि वळणदार होते, की हातभर अंतरावरून वाचता येईना. ते खरेच चालले नसते. दुसरा मात्र सुरेख होता: जुन्या मंदिराची पायरी, आणि तीवर उपासनेच्या वेळी काढून ठेवलेल्या चपला, कोल्हापुरीपासून रबरीपर्यंत. शंभर वर्षांची मंडळी त्यात सगळी आली होती. आम्ही मनोरा शोधत राहिलो. तिसऱ्यात काही दोष नव्हता, पण चार रंगांत छापण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते, आणि ते त्याला आधी कोणी सांगितले नव्हते. तीन नमुने, तिन्ही नाकारले, आणि तिन्हींची कारणे निराळी. त्या मुलाला मात्र एकच नकार ऐकू आला.

म्हणून आमचे सांगणे असे, की काम परत आले तर विचारावे. "माझे काय चुकले?" असे विचारू नये, त्यावर समोरचा माणूस संकोचतो आणि काही तरी गोड बोलून सुटका करून घेतो. "हे जेथे लावायचे होते तेथे का चालले नाही? अक्षर, रंग, खर्च, की कल्पनाच?" असे विचारावे. उत्तर मिळेलच असे नाही. पण मिळाले तर कोणता नमुना सुधारायचा, कोणता दुसऱ्याला दाखवायचा आणि कोणता विसरायचा, हे ठरवता येते. उत्तर आलेच नाही, तर कामाचा जाणता असा एखादा वडीलधारा गाठावा. घरच्यांना विचारू नये. आई सगळ्यालाच छान म्हणते.

पैशाचेही बोलले पाहिजे. आपल्या लोकांत ओळखीच्या माणसाशी पैसे ठरवायला जीभ रेटत नाही, आणि मंडळीचे काम म्हटले की मुळीच नाही. पण काम घेतानाच चार ओळी लिहून घ्याव्यात: किती नमुने, किती वेळा दुरुस्ती, थोडी आगाऊ रक्कम, आणि काम पसंत पडले नाही तरी श्रमाचे किती. असे लिहिलेले असले की नकार आला तरी महिन्याचे भाडे त्याच्यावर अवलंबून राहत नाही. आणखी एक. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः चित्रकारच असतो. नोकरीत केलेल्या किंवा कोणी मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. ज्याचा पैसा दिला नाही आणि जे वापरलेही नाही, ते चित्र फेकू नये. ते आपलेच आहे. दुसरीकडे कामास येईल.

आता वाचनाकडे वळू. बारूख हा लेखनिक होता. यिर्मयाने सांगावे आणि त्याने शाईने उतरून घ्यावे, अशी ती गुंडाळी तयार झाली. थंडीचे दिवस, राजा यहोयाकीम शेगडीपुढे बसलेला. तीनचार रकाने वाचून होताच तो तेवढा भाग कापी आणि विस्तवात टाकी. कापायला काय वापरले, तर लेखनिकाचा चाकू. ज्या हत्याराने बारूख रोज लेखणी तासत असेल तसलेच. दरबारातल्या तिघांनी राजाला विनवले; त्याने ऐकले नाही. इतके महिन्यांचे लेखन एका बैठकीत राख झाले. बारूखाला त्या रात्री काय वाटले, ते या अध्यायात नाही. एवढेच आहे, की दुसरी गुंडाळी घेतली, पहिल्यातले सारे पुन्हा लिहिले, आणि तशाच पुष्कळ गोष्टींची भर घातली. वाचताना गटाने या शेवटच्या भागापाशी थांबावे. दुसरी गुंडाळी पहिलीपेक्षा मोठी का झाली, हे प्रत्येकाने आपापल्या धंद्यातल्या अनुभवावरून सांगावे.

मागच्या बैठकीत आम्ही तो चपलांचा नमुना पुन्हा टेबलावर ठेवला. पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेसाठी तो घ्यावा, ठरवून मोबदला द्यावा, आणि तिन्ही नमुन्यांची खरी कारणे त्याला लेखी कळवावीत, असा ठराव झाला. पत्र सेक्रेटरींनी लिहिले आणि पाळकसाहेब स्वतः घरी जाऊन देऊन आले. त्याला आता तीन आठवडे झाले. मुलाचे उत्तर अजून आलेले नाही. आम्ही वाट पाहत आहोत.